डेरेक बेलीची गिटार: मोकळं वादन की मोकाट?

षड्जप्रेमी: मित्राच्या आग्रहाखातर काल डेरेक बेली या इंग्लिश गिटारवादकाचं एकट्याचं वादन ऐकलं. ना सम, ना सूर, मधूनच तारा खरवडल्याचा आवाज. याला म्हणे 'फ्री इम्प्रोवायझेशन' म्हणतात. आधी काहीच ठरवायचं नाही. अहो, मारवा रागात गवई सा टाळत राहतो आणि शेवटी लावतो तेव्हा जीव भांड्यात पडतो. कारण 'सा' कुठे आहे ते आपल्याला माहीत असतं. इथे टाळायलाच काही नाही, मग उपज, म्हणजे ऐनवेळी सुचलेलं, कसली?

तिरकी_तार: मोकाट म्हणू नका हो. बेलीने आधी पोटासाठी नाचाच्या बँडांत आणि स्टुडिओत वर्षानुवर्षं गिटार वाजवली. 1963च्या सुमारास शेफील्डमध्ये बासवादक गॅव्हिन ब्रायर्स आणि ड्रमवादक टोनी ऑक्सलीबरोबर जॅझ वाजवता वाजवता आधी ठेका सुटला, मग कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सुरांचे मेळ, सुटल्या. येत नव्हतं म्हणून सोडलेलं नाही. आणि गंमत म्हणजे इम्प्रोवायझेशनवरच्या त्याच्या 1980च्या पुस्तकात सुरुवातीलाच भारतीय संगीत आहे!

षड्जप्रेमी: म्हणजे आमचं ऐकून शेवटी तारा खरवडल्या. धन्य!

मागच्या_रांगेतून: मला वेगळंच खटकतं. बेली या वादनाला 'नॉन-इडियोमॅटिक' म्हणायचा, म्हणजे कुठल्याच शैलीचं नसलेलं. पण दोन मिनिटांत कळतं, हा बेलीच. एव्हन पार्करचा सॅक्सोफोनही तसाच, श्वास न तोडता चाललेला. मग हे घराणंच झालं की! ब्रायर्स तर यातून बाहेरच पडला. त्याचा आक्षेप साधारण असा, की हे संगीत वाजवणाऱ्यापासून वेगळं काढताच येत नाही.

तिरकी_तार: सवयी लागतात हे बेलीलाही कळत होतं. म्हणून तर 1977पासून लंडनमध्ये 'कंपनी वीक' भरवायचा. एरवी एकत्र न वाजवणारी माणसं आणून एकमेकांसमोर बसवायची.

षड्जप्रेमी: आमच्याकडे अनोळखी तबलजीबरोबर मैफल होतेच, तीही तालमीशिवाय. तीनताल दोघांना ठाऊक असतो, समेवर भेटायचं ठरलेलं असतं. ही मंडळी भेटणार कुठे?

तिरकी_तार: कधी कधी नाहीच भेटत. तशा मैफली कंटाळवाण्या होतात, कबूल. पण भेटतात तेव्हा ते कोणीच ठरवलेलं नसतं. तुम्ही बेलीचा 2002चा 'बॅलड्स' हा अल्बम ऐका. जुन्या जॅझ चाली आहेत, मध्येच दिसतात, मध्येच हरवतात. टाळायला 'सा' मिळेल तुम्हाला.

षड्जप्रेमी: ऐकतो. मात्र त्यातही तारा खरवडल्या असतील तर इथेच येऊन भांडेन.