आधी टर्बो की आधी ब्रेक ऑइल?

तेलकट हात
'रेडलाइन' यांनी परवा लिहिले की, तीस-पस्तीस वर्षे जुनी स्पोर्ट्स कार मूळ अवस्थेत ट्रॅक डेला, म्हणजे हौशी चालकांना स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवू देणाऱ्या दिवसाला, आणणे म्हणजे इतरांची वाट अडवणे होय, आणि ज्याला टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा), कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे कडक सस्पेन्शन) व सेमी-स्लिक टायर (जवळजवळ गुळगुळीत, जास्त पकड देणारे) झेपत नाहीत त्याने खुशाल प्रेक्षकांत बसावे. त्या लांबलचक लिखाणात 'ब्रेक ऑइल', म्हणजे पेडलचा जोर चाकांच्या ब्रेकपर्यंत नेणारा द्रव, हा शब्द एकदाही आलेला नाही. हे उत्तर केवळ तेवढ्यासाठी लिहीत आहे.

माझी गाडी १९९० ची माझदा एमएक्स-५ आहे, १.६ लिटरची. पहिल्या ट्रॅक डेला मी ब्रेकचे नवे पॅड बसवून मोठ्या ऐटीत गेलो. चार वर्षे न बदललेल्या ब्रेक ऑइलकडे मात्र पाहिलेही नव्हते. सहाव्या फेरीत, सरळ रस्त्याच्या शेवटी, पेडल दाबले आणि ते कसलाही विरोध न करता तळाला टेकले. तीनदा पंप केल्यावर थोडा जोर मिळाला, घाईघाईने दोन गिअर खाली आणले, आणि गाडी वळणाबाहेरच्या खडीत रुतून थांबली. गंमत अशी की तासाभराने पेडल पुन्हा घट्ट झाले होते, कारण पेडल पोकळ करते ती उकळलेल्या ऑइलची वाफ, आणि वाफ निवली की पुरावाही नाहीसा होतो. संध्याकाळी कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) निपलला पारदर्शक नळी लावून आतली हवा आणि जुने ऑइल काढले, तेव्हा बाटलीत गडद तपकिरी द्रव उतरला आणि त्याच्या तळाशी रबराचा काळा गाळ बसला. डॉट ४ प्रतीचे ब्रेक ऑइल ताजे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ती किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. पाणी मुरायला गाडी चालवावी लागत नाही, ती नुसती उभी असली तरी पुरते.

आता टर्बोबद्दल. ताशी १४० किलोमीटरवरून ६० वर येण्याऐवजी १६० वरून ६० वर यायचे म्हटले, तर वेगात फरक दिसतो तो २० चा, परंतु ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ब्रेकना जिरवावी लागणारी उष्णता ३७ टक्क्यांहून अधिक वाढते. म्हणजे टर्बो आपल्याला वळणाच्या तोंडाशी अधिक वेगाने आणून सोडतो आणि पुढचे सगळे त्याच जुन्या होजवर (ब्रेकच्या रबरी नळ्यांवर), त्याच जुन्या ऑइलवर ढकलून मोकळा होतो. आधी होज, ऑइल, कूलंट, व्हील बेअरिंग आणि टायरचे वय पाहावे. पायाच खचलेला असताना कळस चढवण्याची घाई कशाला?

रेडलाइन
माझ्या म्हणण्याचा विपर्यास कसा करावा याचा हा उत्तम नमुना आहे. ब्रेक ऑइल बदलू नका, असे मी कुठे लिहिले होते? जे शाळकरी मुलालाही ठाऊक असते ते मी पुन्हा लिहीत बसत नाही, इतकेच.

आता माझीही कथा ऐका. माझ्या १९८६ च्या पोर्श ९४४ मध्ये मी अगदी आपल्याच क्रमाने गेलो होतो: ब्रेक ऑइल, होज, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट. हा बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, त्यामुळे त्याबाबतीत मी चालढकल करत नाही. सगळे भाग नवे आणि सगळे मूळ मापाचे होते. तिसऱ्या ट्रॅक डेला एका लांब वळणात ऑइल प्रेशरचा काटा खाली झुकला आणि वळण संपताच सावरला. मी तो भास समजलो. आठवड्याभरात इंजिनातून ठकठक आवाज येऊ लागला. इंजिनाखालचा ऑइल पॅन (ऑइल साठवणारे भांडे) उतरवला तेव्हा तळाच्या ऑइलात धातूची बारीक चकाकी पसरली होती आणि दोन नंबरच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा कागदासारखा पत्रा झाला होता. याच इंजिनात हाच बेअरिंग का जातो, हे ९४४ वाल्यांना सांगावे लागत नाही. वळणात ऑइल एका बाजूला लोटले जाते, पंपाचे तोंड उघडे पडते आणि तो हवा ओढू लागतो. आज माझ्या पॅनमध्ये ऑइल अडवणाऱ्या पट्ट्या आहेत, ऑइल कूलर मोठा आहे, आणि चार-पॉइंट हार्नेससह (खांदे व कमर चार ठिकाणी बांधणाऱ्या शर्यतीच्या पट्ट्यांसह) बकेट सीटही आहे, म्हणजे शरीराला दोन्ही बाजूंनी धरणारी खोलगट सीट. आपण ज्याला कळस म्हणता ती माझ्या दृष्टीने देखभालच आहे. कारखान्याने ही गाडी रस्त्यासाठी बनवली होती, तासभर एकाच दिशेने लोटली जाण्यासाठी नव्हे.

तेलकट हात
एकच प्रश्न विचारतो. त्या दिवशी टायर कोणते होते?

रेडलाइन
सेमी-स्लिक. त्याचा येथे काय संबंध?

तेलकट हात
संबंध सगळा तेथेच आहे. साध्या टायरवर ती गाडी ज्या वेगाला घसरू लागली असती, त्याहून अधिक वेगाने आपण ते वळण घेतले. म्हणून ऑइल अधिक जोराने आणि अधिक वेळ बाजूला लोटले गेले. टायरने ऑइल पॅन मागितला, पॅनने कूलर मागितला, आणि आपण त्या साखळीलाच देखभाल म्हणत आहात. पट्ट्या बसवणे योग्यच आहे, हे मी मान्य करतो. मात्र त्या टायरच्या आधी बसवायच्या होत्या.

रेडलाइन
वा, इंजिन उघडून झाल्यावर असे ज्ञान फार सहज सुचते. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी कधी तरी स्वतः ऑइल पॅनखाली झोपून पाहावे.

जपणूक
आपण दोघेही मूळ चूक करत आहात. १९९० ची असो वा १९८६ ची, सुस्थितीतली गाडी ट्रॅकवर नेऊन तिचे पाच वर्षांचे आयुष्य एका दिवसात खर्च करणे हाच अपराध आहे. मूळ डॅशबोर्ड कापून त्यात मीटर बसवणाऱ्यांविषयी तर मी बोलतच नाही.

तेलकट हात
झाकून ठेवलेल्या गाडीचे सील वाळतात, टाकी गंजते आणि टायर कडक होतात. पण आपला मुद्दा पोहोचला.

शेजारची सीट
'रेडलाइन' यांनी जाता जाता चार-पॉइंट हार्नेसचा उल्लेख केला आणि कोणीही भुवई उंचावली नाही, याचे मला आश्चर्य वाटते. मी नवशिक्यांच्या शेजारी बसून त्यांना ट्रॅकवर शिकवते, म्हणून विचारते: आपल्या गाडीत रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर छप्पर खचू न देणारी पोलादी कमान, आहे का? खांद्याच्या पट्ट्या कुठे अडकवल्या आहेत? आणि शेजारच्या सीटवरही तसाच हार्नेस आहे का?

रेडलाइन
रोल बार नाही. पट्ट्या मागच्या सीटच्या बेल्टच्या बोल्टना बांधल्या आहेत. शेजारी कंपनीचा साधा बेल्ट आहे, तो पुरेसा आहे.

शेजारची सीट
मग मी त्या गाडीत बसणार नाही, आणि आपणही बसू नये. साधा तीन-पॉइंट बेल्ट गाडी उलटल्यावर धडाला बाजूला झुकू देतो. माझ्या धाकट्या भावाची गाडी उलटली तेव्हा छप्पर थेट त्याच्या हेडरेस्टवर टेकले होते. तो आज चालतो-फिरतो, कारण तो शेजारच्या सीटकडे कलंडू शकला. हार्नेसने ताठ बांधलेला माणूस खचणाऱ्या छपराखाली ताठच राहतो. दुसरे असे की, खांद्याच्या पट्ट्या खाली जमिनीकडे ओढलेल्या असतील तर धडकेच्या वेळी त्या मणक्यालाच दाबतात. त्या खांद्यामागे जवळजवळ आडव्या गेल्या पाहिजेत. तिसरे, मांड्यांमधला पट्टा नसेल तर खांद्याच्या पट्ट्या कमरेचा पट्टा वर पोटावर खेचतात आणि शरीर त्याखालून निसटते.

रेडलाइन
भीती घालणे सोपे आहे. साध्या बेल्टमध्ये प्रत्येक वळणात मी स्टीअरिंगला लटकत असे आणि गुडघा दाराला टेकवून स्वतःला सावरत असे. हार्नेस आल्यापासून हात फक्त स्टीअरिंग फिरवतात. हा सुरक्षेचाच भाग नव्हे काय?

शेजारची सीट
तो भाग खरा आहे, आणि चांगली बकेट सीट त्यातला मोठा हिस्सा एकटीच सांभाळते. पण धड घट्ट बांधले की धडकेत पुढे जायला फक्त डोके उरते. २००१ मध्ये अमेरिकेतील डेटोना येथील शर्यतीत नामवंत चालक डेल अर्नहार्ट यांचा मृत्यू कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाने झाला. त्यांनी धडकेत डोके पुढे झेपावू न देणारे मानेचे हान्स उपकरण वापरले नव्हते. त्याच वर्षी नॅसकारने (त्या शर्यती भरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने) मान रोखणारे उपकरण सक्तीचे केले आणि २००३ पासून फॉर्म्युला वनने हान्स सक्तीचे केले. हार्नेस, सीट, रोल बार आणि मानेचे उपकरण ही एकच वस्तू आहे. तिचा चतुर्थांश बसवणे हे मुळीच न बसवण्यापेक्षा वाईट ठरू शकते.

जपणूक
म्हणजे आता डॅशबोर्डपाठोपाठ रोल बारसाठी आतला कार्पेटही कापायचा.

रेडलाइन
मला येथे तिघांकडून एकाच वेळी बोलून घेण्याची हौस नाही. रोल बार बसेपर्यंत मी कंपनीचा बेल्ट वापरीन, आणि तोही केवळ हा विषय संपावा म्हणून.

तेलकट हात
हे झाले ते उत्तमच झाले. आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या सेमी-स्लिकच्या बाजूवर चार आकडी तारीख असेल. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ती वाचून पाहिली आहे का?

रेडलाइन
आत्ताच टॉर्च घेऊन पाहून आलो. पुढच्या दोन्हींवर १७२२ आहे. मागच्या डाव्यावर ४०१३ आहे, आणि मागच्या उजव्याची तारीख आतल्या बाजूला असल्यामुळे दिसत नाही. यावरून आपले सगळे म्हणणे मी मान्य केले, असा अर्थ कोणीही काढू नये.

शेजारची सीट
उजव्याची तारीख चाक उतरवून पाहावी. आणि उतरवलेच आहे तर पट्ट्यांचे ते मागचे बोल्टही काढून टाकावेत.