डिस्टोपियन (भयावह भविष्याचं चित्र रंगवणाऱ्या) कादंबऱ्या साहित्याचं मोल वाढवून सांगतात का?

अक्षरवेल
रे ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) पुन्हा वाचून काढली. पुस्तकं जाळत फिरणारे फायरमन सगळ्यांच्या लक्षात राहतात, पण मला त्यांचा प्रमुख कॅप्टन बीटी याचं, नायक असलेल्या फायरमन माँटॅगच्या घरातलं लांबलचक भाषण जास्त भेदक वाटतं. तो सांगतो की सुरुवात सरकारी फतव्याने झालीच नाही. आधी पुस्तकांची संक्षिप्त रूपं आली, मग त्यांचीही चार ओळींची टिपणं झाली. कुणी दुखावलं जाऊ नये म्हणून मजकूर गळत गेला आणि लोकांचं वाचन सुटलं. आग लावायची वेळ फार नंतर आली. माझं ठाम मत आहे की सेन्सॉरशिपचं निम्मं काम आपण वाचकच करून ठेवतो. तुम्हाला काय वाटतं?

तळघर
अजिबात पटलं नाही. हे बोलतोय कोण, ते बघा. बीटी जाळणाऱ्यांचा म्होरक्या आहे. 'लोकांनाच हे हवं होतं' असं म्हटलं की त्याचे हात मोकळे! ऑर्वेलच्या '१९८४'मध्ये (१९४९) अशी पळवाट नाही. नायक विन्स्टन जुन्या वृत्तपत्रांतला मजकूर बदलतो आणि मूळ कागद भट्टीत जातो. त्याचा सहकारी साइम शब्दकोशातून शब्द काढून टाकतो. ही मंत्रालयातली पगारी कामं आहेत आणि हुकूम देणारी यंत्रणाही स्पष्ट दिसते. दोष वाचकांवर ढकलला की ही यंत्रणा नामानिराळी राहते, आणि मला चीड येते ती याचीच.

अक्षरवेल
बीटीवर विश्वास ठेवू नका, हरकत नाही. पण म्हातारा प्राध्यापक फेबर तर दुसऱ्या बाजूचा आहे ना? तोही माँटॅगला हेच सांगतो, की फायरमनची गरज क्वचितच पडते, लोकांनी आपणहून वाचणं सोडलंय.

उलटसुलट
मला दोघांचंही पटत नाही. पुस्तकं वाचली की माणूस शहाणा होतो, हे तुम्ही दोघंही धरूनच चाललाय. १० मे १९३३ रोजी बर्लिनच्या ऑपेरा चौकात पुस्तकं जाळली गेली, तेव्हा पुढाकार विद्यार्थी संघटनेचा होता. तिथे भाषण ठोकणाऱ्या नाझी प्रचारमंत्री गोबेल्सची डॉक्टरेट साहित्यातली होती. आणि बीटी? त्या कादंबरीत सर्वांत जास्त वाचलेला माणूस तोच असेल. माँटॅगला गप्प करायला तो अवतरणांमागून अवतरणं फेकतो. कादंबरीकार आपल्याच धंद्याचा मोठेपणा सांगणार, यात नवल काय? आपण वाचकांनी तो जसाच्या तसा का स्वीकारायचा?

सायली_वाचते
@उलटसुलट, गोबेल्सचा मुद्दा मान्य. वाचनाने माणूस चांगला होतोच असं नाही. पण मग हक्स्लेच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मधला (१९३२) राज्यकर्ता मुस्तफा माँड बंदी घातलेली जुनी पुस्तकं तिजोरीत कशाला ठेवतो? अ‍ॅटवुडच्या 'द हँडमेड्स टेल'मध्ये (१९८५) बायकांना वाचायला मनाई आहे, आणि सत्ताधारी कमांडरच्या अभ्यासिकेत मात्र पुस्तकं भरलेली. बीटीचं तर तुम्हीच सांगितलंत. बंदी घालणारे स्वतः वाचतात. निरुपयोगी वस्तूवर इतका पहारा कुणी बसवत नाही. माझ्या मते या कादंबऱ्या साहित्याला पवित्र ठरवत नाहीत. वाचायचं कुणी आणि कुणी नाही हे ठरवण्यातच सत्ता आहे, हे त्या दाखवतात.

आणखी एक. 'फॅरनहाइट'च्या शेवटी पुस्तकं तोंडपाठ करणारी माणसं भेटतात, तो भाग अनेकांना भाबडा वाटतो. पण स्टालिनच्या काळात रशियन कवयित्री अ‍ॅना अख्मातोवा आपल्या 'रेक्विएम' या कवितेच्या ओळी चिठोऱ्यावर लिहून मैत्रीण लिडिया चुकोव्स्कायाला द्यायची. खोलीत चोरून ऐकलं जात असेल या भीतीने दोघी त्या ओळी मोठ्याने म्हणतही नसत. लिडिया ओळी पाठ करायची आणि मग तो चिठोरा राखदाणीत जाळला जायचा. ती कविता सोव्हिएत देशात पूर्ण छापून आली १९८७ मध्ये. तोवर अख्मातोवाला जाऊन वीस वर्षं उलटली होती. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

तळघर
+१. आणि यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं. तिथे वाचक थकले नव्हते, जीव मुठीत धरून पाठ करत होते. भीती राज्यसत्तेची होती.

अक्षरवेल
मग राज्यसत्तेशिवाय घडलेलं उदाहरण घ्या, तेही याच कादंबरीचं. १९६७ मध्ये ब्रॅडबरीच्या प्रकाशकाने शाळांसाठी वेगळी आवृत्ती काढली. शिव्या, गर्भपाताचा उल्लेख असं बरंच काही गुपचूप बदललं. कुणी बंदी घातली नव्हती, खटला नव्हता. शाळांना आवडणार नाही एवढा अंदाज पुरला. सेन्सॉरशिपवरच्या कादंबरीचीच ही गत! ब्रॅडबरीला स्वतःला त्याचा पत्ता कित्येक वर्षं नव्हता.

तळघर
घटना खरी आहे. पण कात्री चालवली संपादकांनी. वाचकांनी नाही मागितली ती. आणि १९७९च्या सुमाराला ब्रॅडबरीला पत्रं लिहून हे कुणी कळवलं? ती आवृत्ती वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी. मूळ मजकूर परत छापला गेला तो त्यानंतर. वाचक आपणहून सोडून देतात, हे तुमचं म्हणणं इथे कसं बसवणार?