इंग्रजी शब्द पाठ करून घ्यायचे की संदर्भावरून ओळखायला शिकवायचे?

गोदाकाठ
नांदेड जिल्ह्यात नववी-दहावीला इंग्रजी शिकवतो. माझं मत रोखठोक आहे: 'रोज दहा शब्द अर्थासह पाठ' हा प्रकार बंद करा. वहीत वीसदा लिहिलेला शब्द उताऱ्यात दिसला की पोरं पहिल्यांदाच पाहिल्यासारखी बघतात.

मी फळ्यावर वाक्य लिहितो, 'द फार्मर वॉज रिलक्टंट टू सेल हिज बुल, बट द लोन हॅड टू बी पेड.' मग विचारतो, बैल विकायची इच्छा होती का? अख्खा वर्ग ओरडतो, नाही! कशावरून? एक म्हणतो 'बट'वरून, दुसरा म्हणतो कर्ज फेडायचं होतं म्हणून. तेच वाक्य मग एकदा हसत आणि एकदा जड आवाजात वाचतो. कोणतं वाचन बरोबर, ते पोरंच सांगतात. अर्थ सांगायची वेळच येत नाही.

तेरणेचा
सर, वाक्य झकास, पण ते तुम्ही बेतलेलं आहे. बाकीचे सगळे शब्द पोरांना येत होते म्हणून जमलं. हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली हेच दाखवलं, की मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नासात एकच अनोळखी. दहावीचा न शिकवलेला उतारा आमच्या पोरांपुढे ठेवा, एका ओळीत तीन-चार शब्द अडतात. अंदाज बांधायचा कशाच्या जोरावर? आधी नेहमीचे दोनेक हजार शब्द पाठच करा. लातूरच्या पाठांतराला नावं ठेवणं सोपं आहे.

परभणी_पुणे
मी त्या पाठांतरातूनच आलोय. शब्द आले, पण शब्दाचा वास आला नाही. आमच्या रूमवरच्या पोरानं मुलाखतीत बापाचं कौतुक करताना सांगितलं, 'माय फादर इज स्टिंजी.' गाइडात अर्थ होता काटकसरी! थ्रिफ्टी म्हटलं तर कौतुक, स्टिंजी म्हटलं तर कंजूष, हे यादी सांगत नाही. वाक्य कोण, कुणाला, कोणत्या सुरात म्हणतंय ते ऐकल्यावरच कळतं.

तेरणेचा
सूर म्हणताय, पण कुणाचा? आपण साधं 'काय करायलास रे?' विचारलं तरी पुण्यात भांडण वाटतं. 'क्वाइट गुड' ब्रिटिश माणसाच्या तोंडी बऱ्याचदा 'ठीक आहे' इतकंच असतं, अमेरिकन म्हणाला तर 'खूप छान'. इंग्रजी माणूस कधी न ऐकलेलं पोरगं यातलं काय ओळखणार? सरांनी जड आवाज काढला तो नांदेडचा.

हैदराबादी_सिक्का
माझी आजी निजामाच्या राज्यात वाढली. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण बाजारात आणि कचेरीत ऐकून ऐकून उर्दू फर्डी बोलायची. यादी कुणी दिली होती तिला?

तेरणेचा
आजीच्या कानावर उर्दू दिवसभर पडायची. जिंतूरच्या आठवडी बाजारात इंग्रजी ऐकवा, मी आत्ता यादी फाडतो.

तांड्यावरची_बाई
दोघंही एक गोष्ट विसरताय. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. रिलक्टंटच्या पुढं मराठीत 'अनिच्छुक' लिहून दिलं की त्यांच्यापुढं एकाच्या जागी दोन अवघड शब्द. मला बैलाचं वाक्यच बरं पडतं, नाहीतर सरळ करून दाखवते: खडू मागितला की हात मागं घ्यायचा. मात्र अंदाज तिथंच सोडत नाही. शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश सोप्या, मोजक्या शब्दांत अर्थ सांगतो, तो उघडून ताडून बघायला लावते. चुकीचा अंदाज एकदा डोक्यात बसला की लई चिवट असतो.

गोदाकाठ
बाई, ताडून बघणं मान्य. तेरणेकर, दोन हजार शब्दही मान्य, पण ते सातवीपर्यंत व्हावेत आणि वाक्यांतून, सुट्या यादीतून नाही. पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहे, एवढ्या वर्षांत तेवढे यायला हवेत की.

तेरणेचा
यायला हवेत, येत नाहीत. नववीत आलेल्या पोराला सातवीत कसं पाठवू? माझ्या वर्गातली काही पोरं दिवाळीनंतर आई-बापासोबत ऊसतोडीला जातात, वसंतातच परत येतात. त्यांच्या खिशात यादी तरी मावते. तुमचं फळ्यावरचं वाक्य फडावर कसं न्यायचं, ते सांगा.

परभणी_पुणे
आवाज रेकॉर्ड करून. आईच्या फोनवर पाच वाक्यं पाठवा, सरांच्याच आवाजात. नांदेडचा असला तरी चालंल.