प्रार्थनेच्या वेळी हसू आवरले नाही तेव्हा : मुंबईतल्या ख्रिस्ती घरांतले अनुभव

भायखळा, धागाकर्ती

आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर कौटुंबिक उपासना होते. एक गीत, एक शास्त्रपाठ आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना, हा क्रम माझ्या आजेसासऱ्यांपासून चालत आलेला आहे. गेल्या मार्च महिन्यात दुसरीतला मुलगा ‘आम्हांस परीक्षेत आणू नको’ या ओळीला एकाएकी आवाज चढवू लागला. एरवी तो ‘आमेन’ची वाट पाहत चुळबुळत असतो, त्यामुळे मला त्याच्या भक्तीचे फार कौतुक वाटले, पुढे वेळापत्रक हाती आले तेव्हा कळले की सोमवारपासून त्याची वार्षिक परीक्षा होती. इथे परीक्षा म्हणजे मोह, वाईट करण्याची ओढ, असे मी त्याला समजावले. त्यावर तो शांतपणे म्हणाला, “मग देवाला कसं कळणार, आपण कुठली परीक्षा म्हणतोय ते?” सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि ती प्रार्थना तिथेच संपली.

आपल्या बायबलची मराठी जुनी आहे आणि मुले तिच्यात शाळेतले अर्थ घेऊन शिरतात. खरे सांगायचे तर त्या रात्री आम्हा मोठ्यांपैकी कोणीही ती ओळ त्याच्याइतकी लक्ष देऊन म्हटली नव्हती. तुमच्या घरी असे काय घडते, आणि तेव्हा तुम्ही हसता की दटावता, ते जरूर लिहावे.

परळ, एक वडील

त्याच प्रार्थनेत, त्या ओळीच्या जरा आधी, आमची चौथीतली मुलगी अडली. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ‘ऋण’ असा शब्द आहे आणि ऋण म्हणजे कर्ज, हे तिला पक्के ठाऊक होते. “पप्पा, आपल्या घराचं कर्ज ज्या बँकेचं आहे, तिथले साहेब ही प्रार्थना म्हणत नाहीत का?” हप्ता कापल्याचा संदेश त्याच सकाळी येऊन पडला असल्यामुळे मला उत्तर देणे जड गेले. पुढच्या रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी तिला लूकचे शुभवर्तमान उघडून दाखवले. तिथे हीच प्रार्थना आहे, पण ऋणांच्या जागी पापांची क्षमा मागितली आहे. घरी आल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग भावासमोर जाऊन म्हणाली, “तू माझा खोडरबर हरवलास, ते ऋण मी सोडलं. पण आधी हरवलास म्हणून कबूल कर.” क्षमेआधी कबुली हवी की नको, यावर आम्ही नवराबायको अजून वाद घालतो.

वांद्रे, एक आई

8 सप्टेंबरला मारियामातेचा जन्मदिन साजरा होतो आणि त्यानंतरच्या रविवारपासून माउंट मेरीची जत्रा आठवडाभर चालते. चढावरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, घरे, बाहुल्या मांडलेल्या असतात. ज्याचा जो नवस, ती वस्तू तो वाहतो. आमच्या सहा वर्षांच्या लेकाला मी मेणबत्ती निवडायला सांगितले, तर त्याने मेणाचे बाळ उचलले आणि माझ्या हातात न देता छातीशी धरून रांगेत उभा राहिला. उन्हाने त्याच्या बोटांना मेण चिकटू लागले होते. मागच्या बाईंनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहून विचारले, “किती वर्षं झाली हो लग्नाला?” मी काही बोलण्याआधीच आमचे चिरंजीव म्हणाले, “आईला नको आहे, मला हवी आहे बहीण.” ते बाळ मी वाहिले. नवऱ्याला मात्र दोन दिवस सांगितले नाही.

दादर, एक आजी

मी दटावते. देवाच्या पुढ्यात कसे बसावे हे लहानपणी नाही कळले तर पुढे कळत नाही. मात्र ईस्टरच्या आदल्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, दोन्ही नातू त्या झावळ्यांनी तलवारबाजी करू लागले तेव्हा मला हसू आलेच. ते मी मुलांना दिसू दिले नाही.

मरोळ, संडे स्कूलच्या शिक्षिका

नाताळच्या नाटिकेत मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, बाळ येशूला सोने, ऊद आणि गंधरस अर्पण करतात. आमचा दुसरा मागी तालमीपासून ‘सोने, दूध आणि गंधरस’ म्हणत होता. मी चूक दाखवली तर तो म्हणाला, “टीचर, बाळाला ऊद कशाला? डास आहेत का तिथे?” गव्हाणीत, जनावरांजवळ, डास असणारच, हे मला पटले. प्रयोगाच्या दिवशी तो दूधच म्हणाला.

माहीम, एक आजोबा

उपवासकाळ चाळीस दिवसांचा म्हणून नातीने चॉकलेट सोडले. पुनरुत्थानाच्या आदल्या रात्री तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, बोट ठेवून मोजणी केली, ती 46 भरली. रविवार हे प्रभूच्या पुनरुत्थानाचे दिवस, ते उपवासात धरत नाहीत, असे मी सांगितले. “म्हणजे सहा रविवारी खाता आलं असतं? तुम्ही आत्ता सांगताय?” सकाळच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) सहा चॉकलेटे मला मोजून द्यावी लागली.

भायखळा, धागाकर्ती

सर्वांचे आभार. मुलगा आता तिसरीत गेला आहे. ‘आम्हांस परीक्षेत आणू नको’ येथे तो हल्ली किंचित थांबतो आणि आम्हाला ऐकू जाणार नाही अशा बेताने जोडतो, “गणिताच्या.”