आईच्या शुगर-बीपीसाठी अ‍ॅप सुचवा (ती स्वतः वापरेल असं)

कृष्णाकाठ:
नमस्कार. आई तासगावला एकटी असते, वय ६८. शुगर जुनी, बीपीची गोळी अलीकडे सुरू झाली. मिरजेत दाखवतो तिथे आता अपॉइंटमेंट, रिपोर्ट सगळं अ‍ॅपवर आलंय. मागच्या खेपेला मी तिच्या मोबाईलवर ते घालून दिलं, पण ती उघडतच नाही. ओटीपी आला की "पैसे जातील" म्हणून फोन बाजूला ठेवते. व्हॉट्सअ‍ॅप मात्र झकास चालतं, भिशीचा ग्रुप तीच सांभाळते. मराठीतलं, सोपं काही आहे का? की नाद सोडू?

माणदेशी:
ताई, ओटीपीला भितात ते योग्यच आहे, ती भीती घालवू नका. एवढंच सांगा: आपण स्वतः बटण दाबल्यावर आलेला आकडा आपणच त्या चौकटीत टाकायचा. कुणी फोन करून विचारला तर सख्ख्या पाहुण्यालाही सांगायचा नाही. माझ्या वडिलांना हे पटल्यावर पुढचं सोपं गेलं.

सिस्टर_सातारा:
मी ओपीडीत काम करते, रोज बघते. अ‍ॅप कुठलं, यापेक्षा पेशंटने लिहून आणलेला आकडा डॉक्टर बघतात का, यावर सगळं अवलंबून असतं. आजोबा नोंदी करून आणतात, मोबाईल पुढे धरतात, गर्दीत तिकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि तिथून ते अ‍ॅप बंद पडतं. तेच डॉक्टरांनी नोंदी बघून "आजी, उपाशीपोटीचीच शुगर वाढलेली दिसते, रात्री जेवता किती वाजता?" एवढं विचारलं, तर पुढच्या वेळी एक दिवस चुकलेला नसतो.

म्हणून आधी डॉक्टरांनाच विचारा, नोंदी कशा आणू? ते वही म्हणाले तर वहीच. आईंनी पानाचा फोटो तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा, त्यांच्या हाताला ते बसलेलं आहे. सवय लागली की मग अ‍ॅप. तेव्हा मोबाईलची भाषा मराठी आणि अक्षर मोठं करून द्या.

आणि बीपी मोजणं नीट हवं, नाहीतर अ‍ॅपमध्ये चुकीचेच आकडे साठतील. चहानंतर अर्धा तास जाऊ द्या. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत, मोजताना बोलायचं नाही. मिनिटभराने पुन्हा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. घरची सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

हळदपेठ:
आभा कार्ड (सरकारी आरोग्य ओळखपत्र) काढून ठेवा, १४ अंकी नंबर असतो. आधारवरून काढताना ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो, तो नंबर चालू आहे ना ते आधी बघा. जिथे सोय आहे तिथे क्यूआर कोड स्कॅन केला की ओपीडीचं टोकन मिळतं, नाव-पत्ता सांगायला रांगेत उभं राहावं लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याची किंमत कळते! किरकोळ तक्रारीला सरकारी ई-संजीवनीवर व्हिडिओवरून डॉक्टर फुकट भेटतात. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं तर मात्र थेट १०८.

एक अगदी टाळा: कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारी अ‍ॅप, न टोचता शुगर सांगणारी घड्याळं. त्या घड्याळांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणं तपासणारी तिथली सरकारी संस्था) २०२४ मध्ये इशारा दिला होता. त्या आकड्यावर कुणी इन्सुलिन कमीजास्त केलं तर जिवावर बेतेल.

कृष्णाकाठ:
खूप आभार सगळ्यांचे. वहीपासून सुरुवात करते. तिचं लॉगिन माझ्या फोनवर घेऊन रिपोर्ट मीच बघत गेले तर?

सिस्टर_सातारा:
आईंना विचारून घ्या. रिपोर्ट त्यांचे आहेत, आणि लेकीला काय दिसावं हे त्यांनी ठरवावं. काही बायका लेकराला काळजी नको म्हणून वाढलेला आकडा लिहितच नाहीत. तो आकडा ऐकून तुम्ही रागावणार नाही, हे त्यांना आधी सांगा.