कुनी नो मियात्सुको: दरबाराचे नोकर की मुलखाचे धनी?

वाटसरू:
प्राचीन जपानमध्ये वंशपरंपरेने प्रांत सांभाळणाऱ्या कुनी नो मियात्सुको घराण्यांना सरसकट ‘यामातो दरबाराचे’, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या राजसत्तेचे, ‘सुभेदार’ म्हटलं जातं. मला हे साफ नामंजूर आहे. ही घराणी आपापल्या मुलखाची धनी होती, दरबाराने नुसता किताब दिला. त्सुकुशीचा, म्हणजे उत्तर क्युशूचा, इवाई घ्या. ५२७ साली कोरियाकडे निघालेली यामातोची फौज त्याने वाटेत अडवली. ‘निहोन शोकी’ हा दरबारी इतिहासग्रंथ त्याला मियात्सुको म्हणतो, पण यामे इथली इवातोयामा ही त्याची मानली जाणारी समाधी बघा. १३० मीटरहून लांब, तिथे दगडात घडवलेली माणसं आणि घोडे. हयातीतच बांधून घेतली होती, असं जुन्या प्रांतवर्णनात आहे. सुभेदाराचा थाट असा असतो?

चंद्रकोर:
अहो, पण पुढे काय झालं? ५२८ मध्ये दरबाराचा सेनापती मोनोनोबे नो अराकाबीने त्याचा निकाल लावला. बापाच्या गुन्ह्यापायी आपलाही जीव जाऊ नये म्हणून मुलगा कुझुकोने कासुयाची जमीन दरबारी खालसात घातली. ५३४ च्या, पूर्वेकडच्या मुसाशी प्रांतातल्या भाऊबंदकीतही तेच. कासाहारा घराण्यातले ओमी आणि ओकी गादीसाठी भांडले. ओकीने शेजारच्या कामित्सुकेनो घराण्याची मदत मागितली, ओमी थेट दरबारात पळाला. दरबाराने ओकीला मारवलं, ओमीला बसवलं, आणि ओमीने चार ठिकाणच्या जमिनी दिल्या. गादीवर कोण बसणार हे दुसरा ठरवत असेल, तर धनी कोण?

शिलालेख:
या दोन्ही गोष्टी दरबारानेच ७२० साली पूर्ण करून घेतलेल्या ‘निहोन शोकी’तल्या आहेत, हे विसरू नका. समकालीन पुरावा साइतामात आहे. इनारियामा थडग्यात १९६८ मध्ये एक तलवार मिळाली. दहा वर्षांनी क्ष-किरणांत गंजाखाली सोन्याची ११५ अक्षरं दिसली. बहुतेक अभ्यासक ती ४७१ ची मानतात. तीत तलवार घडवून घेणारा वोवाके, मूळपुरुष ओहोहिकोपासून स्वतःपर्यंत आठ पिढ्या मोजतो आणि लगेच सांगतो, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राजाच्या शस्त्रधारी रक्षकांचे प्रमुख. तो तिथला की राजधानीतला, यावर वाद आहे. पण कुळ आणि चाकरी त्याने एका दमात सांगितली, म्हणून चंद्रकोर यांची बाजू मला जड वाटते.

वाटसरू:
मग पश्चिमेकडच्या इझुमो प्रांताच्या मियात्सुको घराण्याचं काय? ६४६ च्या सुधारणांनंतर प्रांतांवर राजधानीतून अधिकारी येऊ लागले. तरी ७३३ चं इझुमोचं प्रांतवर्णन मियात्सुको इझुमो नो ओमी हिरोशिमाच्याच देखरेखीखाली झालं. ओउ जिल्ह्याचं प्रमुखपद त्या घराण्याकडून काढायला ७९८ साल उजाडलं. सेंगे आणि किताजिमा या त्याच वंशाच्या शाखा, आजही आहेत. दरबाराने दिलेलं पद दरबाराने मोडलं की संपायला हवं होतं.

चंद्रकोर:
टिकले ते पुजारी म्हणून. नव्या मियात्सुकोला राजधानीत जाऊन सम्राटासमोर मंगलपाठ म्हणावा लागे. त्यात त्यांचा मूळपुरुष अमे नो होही हा स्वर्गातल्या देवांचा इमानी दूत. मुलखाच्या धन्याला इमान असं सिद्ध करावं लागत नाही.

वाटसरू:
तोच पाठ ‘कोजिकी’ या जुन्या पुराणकथांच्या ग्रंथाशेजारी ठेवून वाचा. ‘कोजिकी’त हाच होही इझुमोच्या देवाला सामील होतो आणि तीन वर्षं वर स्वर्गात निरोपच देत नाही. ही कथा इझुमोवाल्यांनी खुद्द सम्राटासमोर फिरवून सांगितली, आणि दरबाराने ती ‘एंगिशिकी’ या आपल्या नियमसंग्रहात जशीच्या तशी नोंदवून घेतली.