अनुभव धागा: फसलेले संगीत महोत्सव

मागची रांग (धागाकर्ता)

बहामामधल्या फायर फेस्टिव्हलची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. २०१७ च्या एप्रिलमध्ये ग्रेट एग्झुमा बेटावर चिक्कार पैसे मोजून गेलेल्या पोरांना राहायला आपत्कालीन मदतीचे तंबू मिळाले, आणि पावावर ठेवलेल्या चीजच्या दोन चकत्यांचा फोटो जगभर फिरला. ब्लिंक-१८२ या बँडने आदल्याच दिवशी अंग काढून घेतलं होतं. आयोजक बिली मॅकफार्लंडला २०१८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. बेटावरच्या मजुरांची मजुरी थकली, त्यांचा फोटो काही कुणी फिरवला नाही.

तर आपापले फसलेले महोत्सव इथे लिहा. वाजवायला गेला असाल, ऐकायला गेला असाल, नाहीतर खुर्च्या मांडायला. आयोजकांची नावं नकोत, धाग्याचा आखाडा होतो. (गाणं बेसूर झालं ही तक्रार इथे चालणार नाही.)

काळी पाच

१९९९. वाय-टू-केच्या, म्हणजे २००० साली कॉम्प्युटर तारखेत चुकतील या धास्तीने निघालेल्या कामांच्या, कृपेने मी न्यू जर्सीत. ऑफिसातल्या मित्राने गाडीत घातलं आणि न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावी वुडस्टॉक ९९ ला नेलं. माझ्या डोक्यात वुडस्टॉक म्हणजे १९६९ चं, पावसात सतार वाजवणारे रविशंकर वगैरे. प्रत्यक्षात हवाईदलाचा बंद पडलेला तळ. सावलीचं नाव नाही, खाली डांबर आणि काँक्रीट, वर जुलैचं ऊन. एका स्टेजवरून दुसऱ्यावर जायचं तर मैलभराहून जास्त तंगडतोड.

बाहेरचं पाणी आत नेऊ देत नव्हते आणि आत बाटली चार डॉलरला. फुकटच्या नळांवर ही रांग. शेवटी कुणीतरी वैतागून पाइपच फोडले. तिकडे संडास तुंबून वाहत होते, ते पाणी आणि हे पाणी एक झालं आणि पोरं खुशाल त्यात चिखल समजून लोळत होती. मी लहानपणी आजीबरोबर वारीला गेलेलो. तिथेही लाखांनी माणूस असतं, पण कुणाला तहानेचे पैसे पडल्याचं पाहिलं नाही.

रविवारी रात्री रेड हॉट चिली पेपर्स हा बँड वाजत असताना आगी लागल्या. शांततेसाठी म्हणून मेणबत्त्या वाटल्या होत्या, त्यांच्यावरच पेटवापेटवी झाली. कुंपणाच्या फळ्या उखडून शेकोट्या, ट्रेलर पेटलेले, एटीएम फोडलेलं, मग पोलीस. आम्ही गाडीकडे पळालो. बायकांवर झालेल्या अत्याचारांच्या तक्रारी नंतर पेपरात वाचल्या, आणि तेव्हापासून ‘मी वुडस्टॉकला होतो’ हे चारचौघांत मिरवावंसं वाटलं नाही. बँडवाल्यांनी गर्दीला चिथावलं असं पुष्कळांनी लिहिलं. असेल. पण तीन दिवस उन्हात भाजून निघालेल्या माणसाला चिथावायला गिटार लागत नाही.

फीडबॅक

मेटालिका हा हेवी मेटल बँड, गुरगाव, २८ ऑक्टोबर २०११. हा महोत्सव म्हणायचा का माहीत नाही, त्या रविवारच्या पहिल्या भारतीय फॉर्म्युला वन मोटारशर्यतीला जोडून होता. आम्ही पुण्याहून रेल्वेने. दुपारपासून लेझर व्हॅलीच्या मैदानात उभे, अंगात काळे टीशर्ट, पोटात काही नाही. स्टेजसमोरचं बॅरिकेड तकलादू होतं, रेटा आला आणि गेलं. मग बराच वेळ काहीच कळेना. शेवटी सांगितलं, आज नाही, उद्या. त्यावर लोक स्टेजवर चढले, स्पीकर आडवे, कापड फाडलेलं. दुसऱ्या दिवशी तर रद्दच. आयोजकांपैकी काहींना अटकही झाली.

माझा राग बँडवर नाही. बॅरिकेड नसताना वाजवलं असतं तर पुढच्या रांगेतली पोरं चिरडली असती, आणि पुढच्या रांगेत आम्हीच होतो. ३० तारखेला ते बंगळूरला पॅलेस ग्राउंड्सवर वाजले. मित्राने विमानाचं तिकीट काढलं. माझ्या खिशात परतीच्या स्लीपरचंच तिकीट होतं.

डग्गा

आमच्याकडे पोरं स्टेजवर चढत नाहीत, पुढारी चढतात. जिल्ह्याच्या गावचा महोत्सव, उघडं मैदान, नोव्हेंबर. मी एका गाणाऱ्या बाईंच्या साथीला, तबल्यावर. सातची वेळ. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, मग सत्कार. शाल, श्रीफळ, फोटो, पुढचा. दव पडायला लागलं, तबल्याची पुडी सैल होऊन सूर उतरला. मी विंगेत हातोडीने गठ्ठे ठोकतोय आणि माइकवरून ‘मी फार वेळ घेणार नाही’ चाललंय. तंबोरेही उतरले. बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या घड्याळाकडे बघत होत्या.

बसलो तेव्हा साडेनऊ वाजत आलेले. दहाला ध्वनिक्षेपक बंद, हवालदार बाजूलाच उभा. बाईंनी विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल मांडला. मी म्हटलं, आता द्रुत, म्हणजे जलद घेतील, पण नाही. सावकाश एकेक आवर्तन भरत राहिल्या. गंधारावर आल्या आणि माइक गेला. पहिल्या चार रांगा ऐकत राहिल्या, मागचे चपला शोधायला लागले. पाकिटात निम्मं मानधन. उरलेलं ‘सोमवारी पाठवतो’. तो सोमवार यायचाय.

कार्यवाह

डग्गा, तुमचा महोत्सव आमचा नसावा अशी आशा आहे, पण ऐका. शास्त्रीय संगीताचं तिकीट आमच्या गावात विकत नाही. प्रवेश विनामूल्य ठेवला तरी खुर्च्या भरतील याची खात्री नसते. मंडप, साउंड, कलाकारांची हॉटेलं, हे सगळं पतसंस्था आणि बिल्डरांच्या पैशावर होतं. त्यांना राग यमन की मारवा याच्याशी घेणं नाही, त्यांना स्टेजवरचा फोटो हवा. सत्कार काढला तर पुढच्या वर्षी मंडपही निघतो. वर्षातले पंधरा दिवस ध्वनिक्षेपकाला रात्री बारापर्यंत सवलत देता येते, पण ते दिवस जिल्हाधिकारी ठरवतात आणि आमची तारीख त्यात बसवायची तर वर्षभर आधी हलायला लागतं. निम्म्या मानधनाचं मात्र समर्थन नाही. ते चूकच.

मागची रांग

सत्कार गाण्यानंतर ठेवा की, कार्यवाह.

कार्यवाह

गाण्यानंतर थांबतो कोण? तुमचं टोपणनावच ‘मागची रांग’!

षड्जवाला

थोडं विषयांतर. २००९ चा पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव स्वाइन फ्लूमुळे डिसेंबरातून जानेवारी २०१० वर गेला. तेव्हा ‘आता काही खरं नाही’ म्हणणारे पुण्यात पैशाला पासरी होते. महोत्सव झाला, व्यवस्थित झाला. पुढे ढकलणं म्हणजे फसणं नव्हे. वेळेवर सांगितलं की लोक समजून घेतात.

पॅच कॉर्ड

आमचा मराठी रॉक बँड. ‘नव्या कलाकारांना संधी’ अशी जाहिरात. संधी म्हणजे काय, तर तिकिटं आम्हीच विकायची, ठरलेली संख्या गाठली तर स्लॉट. विकली. मावश्या, कॉलेजचे सर, बेसिस्टच्या जिमवाले. आदल्या संध्याकाळी साउंडचेकला गेलो तर मैदानात अर्धवट उभा ट्रस (दिवे-स्पीकर टांगायचा लोखंडी सांगाडा) आणि खाली झोपलेला वॉचमन. पोलिसांची परवानगीच आली नव्हती. आयोजकाचा फोन बंद.

आयोजक कुणाला दिसला नव्हता, तिकीट देताना दिसलो होतो आम्ही. त्यामुळे पैसे मागायला सगळे आमच्याकडे. गिटारचा अ‍ॅम्प विकून बऱ्याच जणांचे दिले. मावश्यांनी घेतले नाहीत, पण लग्नकार्यात भेटल्या की ‘काय रे, कधी आहे तो कार्यक्रम?’ विचारतात.

पासवाला

@पॅच कॉर्ड, जिमवाल्यांपैकी मी एक. पैसे मिळाले होते. अ‍ॅम्प विकला हे आत्ता कळतंय. कोणता होता? आमच्या गल्लीत एकाकडे जुना ट्यूब अ‍ॅम्प पडून आहे, बघतो विचारून.